इयर नाइनची ईप्रची ट्रिप : पाठवू का?

रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

थोरल्याच्या शाळेतून काल पत्र आलं. इतिहास विषयाची तीन दिवसांची ट्रिप आहे, बेल्जियममधलं ईप्र आणि फ्रान्समधलं सॉम, पहिल्या महायुद्धातल्या रणभूमी. शुक्रवारपर्यंत कन्सेंट फॉर्म आणि पहिला हप्ता द्यायचाय. पैशांचं जमवू, पण मन तयार होत नाहीये. तेरा वर्षांचं पोर तीन दिवस थडगी बघत फिरणार. भारतातून सासरे आलेत, ते म्हणाले, "गोऱ्यांच्या लढाईतली गोऱ्यांची थडगी. आपलं काय आहे तिथं?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगा जायचंच म्हणून हटून बसलाय. कोणाची मुलं जाऊन आली असतील तर कृपया लिहा.

हॅरोहून

ताई, जरूर पाठवा. मी इथे इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत एकोणीस वर्षं इतिहास शिकवतेय आणि या ट्रिपला अकरा वेळा मुलांना घेऊन गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न. माझ्या वडिलांनीही मला तोच विचारला होता. त्यांना एवढंच सांगा की खडकीची माणसं तिथे पडली आहेत. खडकीचे सॅपर्स म्हणजे लष्कराची इंजिनिअर पलटण, आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. १९१४ मध्ये त्यांचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स होतं आणि त्यांच्यात मराठे, शीख, मुसलमान जवान होते. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या भारतीय फौजेच्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला आल्या. त्यांचं काम खंदक खणायचं, पूल बांधायचं, काटेरी तारा लावायचं. पण २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेल नावाचं गाव जर्मनांकडून परत घ्यायचं होतं आणि माणसं कमी होती. तेव्हा ४७ व्या शीख पलटणीबरोबर या सॅपर्सना संगिनी लावून पुढे धाडलं. घराघरांतून हातघाईची लढाई झाली. गावात शिरले, पण कुमक पोचली नाही आणि मागे यावं लागलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. ही माणसं मार्सेलिसच्या धक्क्यावर उतरून जेमतेम महिना झाला होता. त्याच गावासाठी १० मार्च १९१५ ला मोठी लढाई झाली आणि तिथे हल्ला करणाऱ्या फौजेत निम्मा वाटा इंडियन कोअरचा, म्हणजे फ्रान्समधल्या भारतीय फौजेचा होता.

त्या गावाबाहेर आज भारतीय स्मारक आहे. १९२७ मध्ये उद्घाटन झालं. नव्या दिल्लीतलं सेक्रेटरिएट ज्यांनी उभारलं, त्या हर्बर्ट बेकर यांचंच काम. गोल आवार, एका बाजूला दगडी जाळी, मधे उंच खांब, पायथ्याशी दोन वाघ. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं आहेत, आणि ही सगळी अशांची, ज्यांना स्वतःचं थडगं नाही. रस्ता ओलांडला की पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी लागते.

मागच्या खेपेला माझ्या वर्गातला एक मुलगा त्या नावांवरून बोट फिरवत सॅपर्सच्या रकान्यापर्यंत आला. घरी मराठी बोलतात, पण याला वाचता येत नाही. इंग्रजी स्पेलिंगवरून एक नाव त्यानं मोठ्यानं वाचलं, चुकीचं. मी आपल्याकडे जसं म्हणतात तसं म्हणून दाखवलं. दगड पावसानं ओला होता. त्यानं जॅकेटच्या बाहीनं ती ओळ पुसली आणि पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर. नंतर बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि विचारलं, यांच्या घरच्यांना कोणी कळवलं असेल का, आणि कोणत्या भाषेत?

वाईट याचं वाटतं की शाळांच्या बहुतेक बस या गावाला थांबतच नाहीत. ईप्रपासून तासाभराच्या आत आहे, सॉमकडे जाताना फार आडवाटही पडत नाही. पण कार्यक्रम वर्षानुवर्षं ठरलेला असतो आणि ड्रायव्हरच्या तासांना मर्यादा असते. म्हणून तुम्ही मागणी करा. शाळेला दोन ओळींची मेल लिहा की नव्ह शापेलला चाळीस मिनिटं बस थांबवता येईल का. पालकांनी मागितलं तर शिक्षकांना वरिष्ठांकडे बोलायला बळ मिळतं, हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगते.

मनावर ताण येईल का, तर येतो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. मुलं आकड्यांनी हलत नाहीत. ईप्रजवळच्या टाइन कॉट दफनभूमीत जवळजवळ १२,००० थडगी आहेत. पहिल्या पाच मिनिटांनंतर मुलं सुन्न होतात आणि मग कंटाळतात. एका दिवसात चार दफनभूम्या दाखवणं ही आम्हा शिक्षकांची चूक आहे. मी आता प्रत्येक मुलाला जाण्याआधी एकच नाव देते. युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर त्याची पलटण, तारीख, कुठलं गाव, जे मिळेल ते शोधायचं आणि तिथे जाऊन तेच नाव गाठायचं. तुमच्या मुलालाही आत्ताच बसवा या कामाला.

लांगेमार्कची जर्मन दफनभूमी कार्यक्रमात आहे का तेही बघा. तिथे ४४,००० जण आहेत, त्यांतले सुमारे २५,००० एकाच सामूहिक थडग्यात. एकाच बाजूचं दुःख दाखवून मुलांना परत आणू नये असं माझं ठाम मत आहे.

शेतात गंजलेलं काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही, हे घरूनच बजावून पाठवा. शेतकऱ्यांच्या नांगराला अजून जिवंत गोळे लागतात. आणि मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल तर व्हिसाचं आजच शाळेला विचारा, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

स्लावहून

बाई, तुमची मेल दोनदा वाचली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. अशा पाट्या सरकारनं त्या वेळी पुष्कळ गावांत बसवल्या. लहानपणी आम्ही त्या भिंतीला टेकून गोट्या खेळायचो. कोणी वाचून दाखवली नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या भागातल्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण गेले ते परत आलेच नाहीत. त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

एक गोष्ट मात्र जोडतो. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात त्या होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली आणि पुढे कैदेत किती हाल झाले ते वाचवत नाही. त्या आघाडीवरच्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. शाळेची बस तिथे कधी जायची नाही. म्हणून ताई, जिथे आपल्या शिपायाचं नाव दगडावर लिहिलंय तिथे पोराला जरूर जाऊ द्या. आणि ज्यांना फ्रान्स जमणार नाही त्यांनी एका रविवारी ब्रायटनजवळच्या टेकडीवरची छत्री, म्हणजे भारतीय सैनिकांचं स्मारक, बघून यावी. तिथल्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांना त्या जागी अग्नी दिला होता. शेवटचा अर्धा तास चढ आहे, पण मी सत्तरीत चढलोय.

रेडिंगहून

बाई, काका, मनापासून आभार.

सासऱ्यांना दोन्ही मेल वाचून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या आजोळीही वेशीपाशी अशीच पाटी होती, ती आता रंगाखाली गेली असेल.

फॉर्म भरला. शाळेला मेलही केली. इतिहासाच्या सरांनी कळवलंय की तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर नव्ह शापेलला अर्धा तास थांबता येईल, फक्त जेवण बसमध्येच उरकावं लागेल. मुलानं २१ नंबरच्या कंपनीतलं एक नाव निवडलंय. काल रात्री तो आजोबांकडून ते नाव देवनागरीत लिहायला शिकत होता.

काका, गावी कोणी असेल तर त्या पाटीचा फोटो मागवाल का? त्याला तो सोबत न्यायचाय. बस सोमवारी पहाटे पाचला निघते.