कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुधारण्यासाठी पेट्रोलच्या टाकीत थिनर किंवा अ‍ॅडिटिव्ह टाकावे का?

सिंहगडरोडकर:

नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची, बीएस-4 मानकाची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे चालली असून गेल्या पावसाळ्यापासून चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी0420 हा कोड आला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनच्या धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) नीट काम करत नसल्याची सूचना, आणि तो बदलावा लागेल असे सांगण्यात आले. गाडीची आजची बाजारातील किंमत पाहता मूळ कंपनीच्या कन्व्हर्टरचा खर्च मला फार जड जाणार आहे. टाकीत लॅकर थिनर मिसळून महामार्गावर गाडी पळवली की कन्व्हर्टर स्वच्छ होतो, असे इंटरनेटवर अनेक जण सांगतात. कोणी अ‍ॅसिटोन सुचवतात, कोणी तयार बाटल्या. माझा रोजचा प्रवास शहरातला आणि कमी अंतराचा आहे. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थोडे ऑइल भरावे लागते आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन काही वेळ थरथरते. पुढच्या महिन्यात पीयूसीची मुदत संपते. यांपैकी कोणता उपाय करून पाहण्यासारखा आहे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना मेकॅनिक:

नमस्कार. आपण ऑइल कमी होण्याचा आणि सकाळच्या थरथरीचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

कन्व्हर्टरच्या पत्र्याच्या डब्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रे असलेली सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. वीट साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की या कणांवर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेले हायड्रोकार्बन जळतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मोडून नायट्रोजन सुटा होतो. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधील झिंक आणि फॉस्फरस धुरासोबत येऊन या थरावर काचेसारखे बसतात आणि धातूचे कण झाकून टाकतात. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते. तापमान फार वाढल्यास आधी हे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणजेच काम करणारा पृष्ठभाग कमी होतो, आणि त्यापुढे वीटच वितळून छिद्रे बुजतात. यांपैकी कोणतेही नुकसान टाकीत काही ओतून भरून येत नाही.

याचे कारण साधे आहे. थिनर असो वा अ‍ॅसिटोन, तो इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये जातो आणि पेट्रोलबरोबर तिथेच जळतो. कन्व्हर्टरपर्यंत द्रावक म्हणून काहीच पोहोचत नाही. पोहोचतो तो धूर, आणि तो धूर साध्या पेट्रोलच्या धुरापेक्षा फारसा वेगळा नसतो. ज्यांना खरोखर फरक जाणवला, त्यांच्या कन्व्हर्टरवर बहुधा कमी अंतराच्या प्रवासामुळे काजळी साचलेली असावी आणि ती महामार्गावरील लांब, सलग प्रवासाच्या उष्णतेने जळून गेली असावी. ते काम थिनरशिवायही होते. इंजिन मिसफायर करत नसेल तर खंबाटकी घाट चढून साताऱ्यापर्यंत एक फेरी मारायला काहीच हरकत नाही. मात्र थरथर चालू असताना तसे करू नये, कारण त्यामुळे कन्व्हर्टर आणखी तापेल.

आधी स्पार्क प्लग काढून पाहावेत आणि इग्निशन कॉइल तपासून घ्यावेत. त्यानंतर कन्व्हर्टरच्या मागे असलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख स्कॅनरवर पाहावा. कन्व्हर्टर चांगला असेल तर इंजिन गरम असताना हा सेन्सर 0.6 ते 0.7 व्होल्टच्या आसपास बराचसा स्थिर राहतो. तो सतत खाली-वर उड्या मारत असेल तर कन्व्हर्टरची ऑक्सिजन साठवण्याची क्षमता गेली आहे असे समजावे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असली तरीही हाच कोड येऊ शकतो, म्हणून गळती तपासल्याशिवाय कन्व्हर्टर बदलू नये. शेवटी, थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोकून पाहावे. आत खडखड ऐकू आली तर वीट फुटलेली आहे आणि मग बदलण्यावाचून पर्याय उरत नाही.

रसायनशाळा:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु थिनरच्या धोक्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे रंगाच्या दुकानात मिळणारे एनसी थिनर, म्हणजेच लॅकर थिनर, हे टोल्युइन, एस्टर, कीटोन आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असते आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. त्यामुळे परदेशातील एखाद्या व्हिडिओमध्ये सांगितलेले प्रमाण इथे लागू होईल असे मानता येत नाही. अ‍ॅसिटोन आणि एस्टर यांमुळे इंधनमार्गातील अनेक प्रकारची रबरे फुगतात. पंपातील सील, होसेस आणि ओ-रिंग्ज यांना त्याचा उपद्रव होतो. पंपावर आता बहुतांशी 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि 2014 सालच्या गाडीतील रबरी भाग त्या मिश्रणासाठी निवडलेले असतीलच असे नाही. त्यात आणखी द्रावके घालणे म्हणजे एक दुरुस्ती टाळण्यासाठी दुसरी ओढवून घेणे होय. शिवाय उघड्या डब्यातून थिनर ओतताना त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेऊ शकते. बंद पार्किंगमध्ये हा प्रयोग कोणीही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तयार बाटल्यांबाबत मात्र सरसकट नकार देणे योग्य होणार नाही. ज्या बाटलीत पॉलिइथरअमाइन हा घटक असतो, ती इंजेक्टरवरील आणि व्हॉल्व्हजवळील साठा खरोखर कमी करू शकते. आपली थरथर इंजेक्टरमुळे होत असेल तर तिचा अप्रत्यक्ष फायदा कन्व्हर्टरलाही होईल. याउलट ऑक्टेन वाढवणाऱ्या काही द्रवांमध्ये मँगनीजची संयुगे असतात आणि त्यांचा थर प्लगवर व कन्व्हर्टरवर बसतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय काहीही टाकू नये.

सिंहगडरोडकर:

दोघांचेही मनापासून आभार. थिनरचा विचार मी सोडला आहे. एक शंका राहते: एका परिचितांनी थिनर टाकल्यानंतर त्यांच्या गाडीचा दिवा विझला होता, तो कसा? आणि एका फिटरने वीट फोडून डबा मोकळा करून देण्याची तयारी दाखवली आहे. ते कितपत योग्य ठरेल?

पीयूसी केंद्र:

दिवा विझण्यामागे बहुतेक वेळा स्कॅनरने कोड पुसलेला असतो किंवा बॅटरीची वायर काढलेली असते. कोड पुसल्यावर संगणकाला कन्व्हर्टरची चाचणी पुन्हा पूर्ण करण्यासाठी ठरावीक प्रकारचा प्रवास लागतो, त्यामुळे दिवा काही दिवस गप्प राहतो आणि मग परत लागतो. थिनर टाकणारी व्यक्ती बहुधा कोडही पुसते, आणि श्रेय थिनरला मिळते.

वीट फोडून घेऊ नये. आपल्या गाडीला पीयूसीत आयडलवर (गाडी उभी असून अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा आहे. 2,500 आरपीएमच्या आसपास घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाचा आकडा) 0.97 ते 1.03 यांच्या दरम्यान असावा लागतो. कन्व्हर्टरशिवाय हे आकडे गाठणे फार अवघड आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार प्रदूषणाच्या नियमभंगासाठी दंड 10,000 रुपयांपर्यंत होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, सिग्नलवर आपल्या मागे दुचाकीवर बसलेल्या लहान मुलाच्या नाकात तो धूर जातो, हे मी रोज पाहतो.

चाचणीला येताना गाडी किमान वीस मिनिटे चालवून गरम करून आणावी, कारण थंड कन्व्हर्टर चांगला असला तरी नापास होतो. प्लग, कॉइल आणि ऑइलचा बंदोबस्त केल्यावरही आकडे जास्त आले, तर नवा कन्व्हर्टर बसवण्यापूर्वी पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सील यांपैकी ऑइल नेमके कुठून जाते ते कॉम्प्रेशन व लीक-डाउन चाचणीने (सिलिंडरमधील दाब आणि त्याची गळती मोजून) पाहून घ्यावे. अन्यथा नवा भागही त्याच मार्गाने खराब होईल. जुना कन्व्हर्टर फिटरकडे तसाच सोडून येऊ नये. त्यातील मौल्यवान धातूंमुळे भंगारातही त्याला चांगली किंमत येते, तेव्हा बिल करतानाच ती रक्कम वजा करून घ्यावी.