रेझरपेचे व्यवहार रोज पोस्टग्रेसमध्ये आणायचे आहेत, सल्ला हवा

रामबागकर: नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत आमचं घरगुती फराळाचं काम आहे. करतात आई आणि मावशी, हिशेब माझ्याकडे. ग्राहक पैसे रेझरपेवरून ऑनलाइन देतात. रोज रात्री माझी पायथन स्क्रिप्ट रेझरपेच्या एपीआयमधून (प्रोग्रामला माहिती देणारी सोय) आदल्या दिवसाचे व्यवहार ओढून पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात भरते. पण ती दोनदा चालली की नोंदी दुप्पट होतात. दिवाळीत एका दिवसाचे नेमके १०० व्यवहार दिसले, ते काही पटत नाही. परत केलेले पैसेही जमेतच दिसतात. तयार टूल घ्यावं का?

डेटा_खटपटी: एवढ्याशा कामाला टूल नको, स्क्रिप्टच नीट करा. एका विनंतीत जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात. ‘स्किप’ (सुरुवातीच्या किती नोंदी सोडायच्या तो आकडा) ०, १००, २०० असा वाढवत न्या, यादी रिकामी येईपर्यंत. व्यवहाराचा आयडी प्रायमरी की करा, म्हणजे एका आयडीची एकच नोंद राहील, आणि नोंद भरणाऱ्या ‘इन्सर्ट’ला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ जोडा, म्हणजे तो आयडी आधीच असेल तर जुनीच नोंद सुधारली जाईल. पोस्टग्रेस ९.५ पासून ही सोय आहे. मग स्क्रिप्ट कितीदाही चालवा.

परताव्याचं मूळ वेगळं आहे. तारखेची चाळणी व्यवहार झाला त्या दिवसावर लागते, परतावा मात्र आठवड्यानेही होतो. म्हणून रोज मागचे ३० दिवस पुन्हा ओढा. आणि अर्धेच पैसे परत केले तर स्टेटस ‘कॅप्चर्ड’च (म्हणजे पैसे मिळाले) राहतं, तेव्हा ‘अमाउंट_रिफंडेड’ हा कॉलम हवाच.

सुदामानगरची_ताई: वेबहुक लावा ना, म्हणजे रेझरपेच तुमच्या सर्व्हरला निरोप पाठवेल, परतावा झाल्या क्षणी कळेल.

डेटा_खटपटी: ताई, लावावा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नये. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, मागचा पुढे येऊ शकतो. रात्रीची फेरी ठेवाच.

सुदामानगरची_ताई: हे पटलं. रामबागकर, वेळ युनिक्स सेकंदांत (१९७० पासून मोजलेल्या) येते. तारीख यूटीसीने (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) काढलीत तर पहाटे साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी आदल्या दिवसात जातील. वेळेच्या कॉलमचा प्रकार ‘टाइमस्टँपटीझेड’ (टाइमझोन सांभाळणारा) ठेवा, रिपोर्ट ‘एशिया/कोलकाता’ने काढा. रक्कम पैशांत येते, ₹४५० म्हणजे ४५०००. तशीच पूर्णांकात साठवा.

रामबागकर: केलं! त्या दिवसाचे १४३ निघाले, त्यातले १९ ‘फेल्ड’. जमेत फक्त ‘कॅप्चर्ड’ धरले, परतावे वजा केले. दोघांचे मनापासून आभार. बँकेतली रक्कम मात्र अजून कमी भरते.

डेटा_खटपटी: फी कापून येते. ‘फी’ आणि ‘टॅक्स’ दोन्ही कॉलम आणा, पण वजा फक्त फी करा. जीएसटी तिच्यातच धरलेला असतो.