आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया : कोणती लेन्स घ्यावी आणि नंतर नेमके काय दिसेल?

वाईकर_लेक
माझी आई ६९ वर्षांची असून वाईजवळच्या आमच्या गावी राहते. तिला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले आहे आणि उजवा डोळा अधिक अधू आहे. गेल्या महिन्यात मी घरी गेले, तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. खडा दिसत नसल्यामुळे ती प्रत्येक चिमूट बोटांनी चाचपून पाहत होती, आणि ते पाहिल्यावर आता थांबायचे नाही असे मी ठरवले. मात्र मोतीबिंदू पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत आहेत. रुग्णालयाने तीन लेन्सचे तीन दर लिहून दिले आहेत आणि त्यांतील सर्वांत महाग लेन्स घेतली तर चष्मा कायमचा सुटेल, असेही सांगितले आहे. हे खरे आहे का? शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि नंतर आईला काय सोसावे लागेल? ती रोज पहाटे पोथी वाचते, तेवढे तिला पुन्हा जमावे एवढीच माझी इच्छा आहे.

निवृत्त_मास्तर
ताई, माझे दोन्ही डोळे झाले आहेत, दोहोंत महिनाभराचे अंतर ठेवले होते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेला १५ ते २० मिनिटे लागली. खरा वेळ गेला तो बाहुली मोठी करणारे थेंब पुन्हा पुन्हा घालण्यात. मला इंजेक्शनही द्यावे लागले नाही, थेंबांनीच डोळा बधिर केला, पण काहींना डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देतात, हेही आईला आधी सांगून ठेवा. आत चिमटा किंवा सुरी काहीच दिसत नाही. डोळ्यासमोर तेजस्वी, हलणारा उजेड दिसतो, पाणी सोडल्याचा गारवा जाणवतो आणि मधूनच दाब येतो. मान हलवायची नाही आणि खोकला येणार असेल तर आधी सांगायचे, एवढेच पथ्य असते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा घराच्या भिंती चुन्याने नुकत्याच रंगवल्यासारख्या पांढऱ्या दिसल्या. शस्त्रक्रिया न झालेल्या डोळ्याने पाहिले की तीच भिंत पिवळट दिसे. इतकी वर्षे आपण त्या पिवळ्या काचेतून पाहत होतो, हे मला तेव्हा कळले. पण वर्तमानपत्र हातात घेतले आणि अक्षर लागेना, तेव्हा मी घाबरलो. साध्या लेन्सनंतर जवळच्या वाचनासाठी चष्मा लागतोच, हे मला आधी कोणीही सांगितले नव्हते. सुमारे सहा आठवड्यांनी नंबर स्थिर झाल्यावर चष्मा मिळाला आणि वाचन सुरू झाले. आईला ही गोष्ट आजच सांगा, म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे तिला वाटणार नाही.

नेत्रविभागातील
मी अनेक वर्षे डोळ्यांची मापे घेण्याचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पिकण्याची वाट पाहण्याचा सल्ला जुन्या पद्धतीच्या काळातला आहे. आज रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकून कडक झालेले डोळ्यातील मूळ भिंग फोडण्यासाठी फेको यंत्राची, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून बाहेर ओढणाऱ्या यंत्राची, ऊर्जा जास्त वापरावी लागते, त्यामुळे बुबुळावर सूज येऊन नजर साफ व्हायला अधिक दिवस लागतात. फेकोमध्ये साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा छेद पुरतो. भिंग फारच कडक असेल तर ६ ते ७ मिलिमीटरच्या छेदातून ते अखंड काढतात. त्यातही सहसा टाका लागत नाही आणि ती पद्धत कमी दर्जाची मुळीच नाही.

लेन्सविषयी माझे मत स्पष्ट आहे : दर पाहण्याआधी आई दिवसभर डोळ्यांनी काय काम करते ते पाहा. साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश दूरच्या आणि जवळच्या अंतरासाठी वाटून देते, त्यामुळे चष्म्याची गरज कमी होते, पण मंद उजेडात फिके-गडद यांतला फरक कमी कळतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर दोष असेल तर ती सहसा टाळतात. म्हणून आधी पडद्याची तपासणी आणि ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचे चित्र काढणारी चाचणी, करून घ्या, कारण पडदा खराब असेल तर कोणतीही लेन्स त्याची भरपाई करू शकत नाही. तिरका नंबर बराच असेल तर टोरिक लेन्सवर केलेला खर्च मात्र सार्थकी लागतो. लेन्स परदेशीच हवी, हाही आग्रह नको. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेली ऑरोलॅब १९९२ पासून भारतातच लेन्स बनवत आहे आणि त्या लेन्स अनेक देशांत वापरल्या जातात.

आणखी एक पर्याय फारसा कोणी सांगत नाही. मोनोफोकल लेन्सचा नंबर मुद्दाम जवळसाठी ठेवता येतो. मग वाचायला चष्मा लागत नाही, दूरचे पाहायला लागतो. आईलाच विचारा. तिची सर्व औषधे डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.

सासऱ्यांची_सून
मी फक्त नंतरच्या दिवसांविषयी लिहिते. माझ्या सासऱ्यांचा डोळा चौथ्या दिवशी संध्याकाळी लाल झाला, ठणकू लागला आणि सकाळी स्पष्ट दिसणारे धूसर झाले. रुग्णालयात फोन केला, तर थेंब चालू ठेवून उद्या या, असे उत्तर मिळाले आणि आम्ही रात्र काढली. डोळ्याच्या आत संसर्ग झाला होता. आत प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे लागले आणि नजर काही प्रमाणातच वाचली. असे क्वचित होते, पण झाले तर प्रत्येक तास मोलाचा असतो. थोडी खुपखुप आणि पाणी येणे चालते. वाढती वेदना, लाली आणि कमी होणारी नजर ही तिन्ही, किंवा त्यांतील एक जरी दिसले, तरी त्याच रात्री डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रियेआधीच रात्री उचलला जाईल असा क्रमांक मागून घ्या. डोळ्यासमोर विजेसारखे चमकले किंवा काळे ठिपके अचानक वाढले, तरीही थांबू नका.

थेंब साधारण चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी करत चालतात. दोन वेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा चोळणे, काजळ आणि चुलीचा धूर टाळा. डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून केस धुताना मान मागे टाकून बसवा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर मोतीबिंदू परत आला असे समजू नका. लेन्सच्या मागच्या पातळ आवरणावर जाळी धरते आणि ती काही मिनिटांच्या याग लेसरने साफ होते.

वाईकर_लेक
आपणा सर्वांचे मनापासून आभार. पडद्याची तपासणी झाली. सूज नाही, पण मधुमेहाच्या सुरुवातीच्या खुणा आहेत, म्हणून मल्टिफोकलचा विचार सोडला. जवळच्या नंबराविषयी मी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पोथीला चष्मा लावीन गं. पण एसटीची पाटी मला लांबून वाचता आली पाहिजे, दर वेळी पोरांना विचारायला नको." साखर आटोक्यात आली की पुढच्या महिन्यात उजवा डोळा आधी करणार आहोत. रात्रीचा क्रमांक मागून घेतला आहे आणि तो चालतो की नाही, हे काल रात्री फोन लावून पाहिले.