'अवशिष्ट ताण' की 'अवशिष्ट प्रतिबल'?

प्रश्न: जेट इंजिनातल्या निकेल सुपरअलॉयच्या डिस्क घर्षणाने जोडल्यावर सांध्यात जो रेसिड्युअल स्ट्रेस अडकून राहतो, त्याला 'अवशिष्ट ताण' चालेल का? आणि फ्रिक्शन वेल्डिंगला 'घर्षण वितळजोड'?

उत्तर: 'वितळजोड' नकोच. इनर्शिया वेल्डिंग या फ्रिक्शन वेल्डिंगच्या प्रकारात एक भाग फ्लायव्हीलसकट फिरतो, दुसरा त्यावर दाबतात. माल मऊ होऊन कडेला फ्लॅश म्हणून बाहेर येतो, लांबी काही मिलिमीटर घटते. पण धातू वितळत नाही. म्हणून तर ही पद्धत. वितळून गोठताना यातले बरेच मिश्रधातू तडकतात. 'घर्षणजोड' पुरे.

'ताण' बोलण्यात ठीक, रिपोर्टात घोटाळा. ताण म्हणजे ओढ. सांध्याशेजारी दाबही असतो, कारण बाहेरचं बळ नसताना आतल्या आत तोल साधावाच लागतो. दोन्हींना मिळून 'प्रतिबल': धन असेल तर ताण, ऋण असेल तर दाब.

दुसरं उत्तर: सहमत, पण दिशेशिवाय शब्द अर्धाच. नळीसारख्या भागात सर्वांत मोठं असतं ते परिघीय प्रतिबल, सांध्याच्या रेषेवर, आतल्या व्यासाकडे. गरम पट्टा थंड होताना घेराने आकसू पाहतो, शेजारचा गार धातू आकसू देत नाही. त्यात आरआर १००० सारख्या निकेल सुपरअलॉयमध्ये गॅमा-प्राइम, म्हणजे ताकद देणारे सूक्ष्म कण, जोडताना विरघळतो आणि थंड होताना बारीक कणांनी परत येतो, सांधा कडक होतो आणि प्रतिबल ढिलं पडत नाही.

प्रश्न: हीट ट्रीटमेंटनंतरही 'अवशिष्ट'च?

उत्तर: हो, शून्य कुठे होतं? ७१८ या निकेल सुपरअलॉयची नेहमीची एजिंग (कण वाढवून ताकद आणणारी हीट ट्रीटमेंट) घ्या: ७२० अंश सेल्सिअसला ८ तास, मग ६२० ला ८ तास. प्रतिबल उतरतं, पण काही उरतंच. तापमान चढवलं तर आणखी उतरेल, मात्र मूळ धातूतले कण जाड होऊन त्याची ताकद घटते. तेव्हा 'जोडल्यानंतरचं' की 'एजिंगनंतरचं', हे लिहाच.

दुसरं उत्तर: आणि 'मोजलेलं प्रतिबल' लिहिताना जपून. न्यूट्रॉन विवर्तनात (धातूवर न्यूट्रॉन सोडून ते कोणत्या कोनात विखुरतात ते पाहण्यात) मोजतो ते अणूंच्या थरांमधलं अंतर. त्यावरून विकृती (अंतर किती प्रमाणात बदललं ते), तिच्यावरून प्रतिबल. सांध्यापाशी गॅमा-प्राइम विरघळल्याने तिथल्या धातूचं प्रतिबल नसतानाचं अंतरच बदलतं. ते १०,००० त १ भाग चुकलं, तर तिन्ही दिशांत साधारण ५० मेगापास्कलची चूक. म्हणून सांध्याचाच तुकडा वायरकटवर (तारेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या यंत्रावर) कंगव्यासारखा चिरून, दातागणिक ते अंतर वेगळं घ्यावं लागतं.