जाड्या-रड्याचे रिस्टोअर केलेले सेट: नेमका कुठला घ्यावा?

मंदार_नगरकर
लोकहो एक मदत हवीये. आमच्या बाबांना जाड्या-रड्या (लॉरेल-हार्डी, नव्या पोरांसाठी सांगतोय) प्रचंड आवडतात. आत्तापर्यंत यूट्यूबवर सापडेल ते टीव्हीवर लावून बघायचो पण त्या कॉप्या इतक्या भयाण आहेत की निम्म्या वेळा हार्डीचं तोंड म्हणजे नुसता पांढरा गोळा, आणि तो वैतागून कॅमेऱ्याकडे बघतो तो लूकच दिसत नसेल तर मग राहिलं काय? मधे एक डीव्हीडी आणलेली तर त्यात सगळं रंगवलेलं निघालं, गाल गुलाबी, भिंती पोपटी, बाबा म्हणाले बंद कर ते आधी. आता बहीण अमेरिकेहून येतेय तर तिलाच आणायला सांगावं म्हणतो. पण सेट बघायला गेलो तर डोकंच गरगरलं, एक २०११चा, एक २०२०चा, एक ब्रिटनमधला, आणि प्रत्येकाचे फॅन वेगळे. नक्की फरक काय आहे? बजेट एकाच सेटचं आहे.

रीळवाला
डोळे झाकून २०२०चा 'द डेफिनिटिव्ह रिस्टोरेशन्स', चार डिस्कचा. ब्लू-रेच घ्या.
कारण असं की हे सिनेमे निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओत बनले आणि पुढे कित्येक वर्षं पुन्हापुन्हा रिलीज होत राहिले. दरवेळी मूळ निगेटिव्हवरून नव्या प्रिंटा काढायच्या, त्यामुळे जे पिक्चर जास्त चालले त्यांचीच निगेटिव्ह जास्त झिजली. वर नवीन वितरकांनी सुरुवातीच्या मूळ पाट्या (टायटल्स) काढून स्वतःच्या चिकटवल्या. आपण टीव्हीवर बघितलं ते बऱ्याचदा असल्याच प्रिंटच्या प्रिंटची प्रिंट. यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) च्या फिल्म संग्रहालयाने आणि इतरांनी जगभरातून उरलीसुरली नायट्रेट रिळं (जुन्या काळची पेटाऊ फिल्म) आणि चांगल्या प्रिंटा गोळा करून, जिथला जो तुकडा बरा तिथला तो घेऊन हे परत बांधलंय. 'सन्स ऑफ द डेझर्ट' (१९३३) आणि 'वे आउट वेस्ट' (१९३७) हे दोन मोठे, बाकी शॉर्ट्स, म्हणजे छोटे पिक्चर. त्यात 'द म्युझिक बॉक्स' आहेच, जिन्यावरून पियानो चढवायचा तो, १९३२चा, ऑस्कर मिळालेला. त्या पायऱ्या लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात अजून आहेत, बहीण तिकडे राहत असेल तर फोटो मागवा :)
आणि मुख्य माल म्हणजे 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७). एकमेकांच्या तोंडावर 'पाय' (pie, क्रीमचा गोड पदार्थ) फेकायच्या मारामारीचा बाप पिक्चर. ह्याचं दुसरं रीळ हरवलेलं. १९५७ साली रॉबर्ट यंगसनने आपल्या संकलनपटात त्यातले तुकडे वापरले होते म्हणून तेवढंच लोकांना माहीत. २०१५ला ते अख्खं रीळ एका संग्राहकाकडे सापडलं. आधीच्या रिळातला विम्याच्या सीनचा भाग अजूनही गायब आहे, तिथे फोटो आणि पाट्या टाकून काम भागवलंय. पण मारामारी पूर्ण बघायला मिळते, आणि तुकड्यांत बघताना कळत नाही की ती किती हळूहळू चढवत नेलीये, एक माणूस, मग दुसरा, मग अख्खा रस्ता.

सुलभा_दादर
रीळवाला, सगळं मान्य, पण 'डेफिनिटिव्ह' म्हणायचं आणि डझन-दीड डझन शॉर्ट्स द्यायच्या हे काय? 'ब्लॉक-हेड्स' नाही, 'लाफिंग ग्रेव्ही' नाही. काकांना 'हे कुठंय ते कुठंय' असं होणार. माझ्याकडे ब्रिटनचा २००४चा २१ डिस्कचा डबा आहे, हॅल रोचच्या काळातलं जवळपास सगळं आहे त्यात. चित्र बरं आहे, अगदी चकाचक नाही. पण आमच्याकडे जेवताना जे चालतं ते हेच.

रीळवाला
सुलभाताई, तो डबा माझ्याकडेही आहे आणि मी तो टाकणार नाही :) पण एक लक्षात घ्या, तो पाल सिस्टिमचा (युरोपातली टीव्हीची पद्धत) आहे. २४ फ्रेमचा सिनेमा २५ने पळतो, म्हणजे सगळं चार टक्के फास्ट. आवाज पण किंचित वर चढतो. हार्डीचा आवाज ऐकून मला नेहमी वाटायचं ह्याला घाई का झालीये. कॉमेडीत गॅपच सगळं असतं हो, लॉरेल डोकं खाजवतो ते किती वेळ खाजवतो ह्यावर हसू अवलंबून. आणि त्या डब्यात रंगवलेल्या आवृत्त्या पण घुसवल्यात, मंदारच्या बाबांना चालणार नाहीत.
जास्त हवं असेल तर २०११चा अमेरिकेतला दहा डिस्कचा 'इसेन्शियल कलेक्शन', फक्त बोलपट, ५८ आहेत. पण डीव्हीडीच.

पश्या
एक शंका. मित्राकडे असला रिस्टोअर केलेला ब्लू-रे बघितला, चित्रावर रवाळ रवाळ काहीतरी हलत होतं. एवढे पैसे घेऊन साफ का नाही केलं?

रीळवाला
पश्या ते ग्रेन आहे रे, फिल्मचाच पोत तो. ओरखडे, डाग, उड्या काढायच्या, ग्रेन नाही काढायचं. काढलं की चेहरे मेणाचे होतात, कपड्याचं विणकाम जातं. काही कंपन्या तेच करतात आणि वर 'क्रिस्टल क्लिअर' लिहितात. टीव्हीचं शार्पनेस शून्याजवळ आण आणि नॉइज रिडक्शन बंद कर, मग बोल.

एडिसनकर
मंदार, सगळ्यात आधी रीजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालते ते! भारत ब्लू-रेसाठी सी आहे, अमेरिका ए, युरोप बी. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १, ब्रिटन २. बॉक्सच्या मागे रीजनचं चिन्ह असतं, ब्लू-रेला अक्षर, डीव्हीडीला अंक, ते बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका. मी भावाला एक सेट पाठवला तर तो त्याच्या प्लेअरवर लागलाच नाही, डिस्क आत घ्यायचा आणि बाहेर ढकलायचा. ४के यूएचडीला (ब्लू-रेच्या पुढचा प्रकार) ही भानगड नसते पण माझ्या माहितीत जाड्या-रड्याचा ४के सेट नाहीये हा. मल्टिरीजन प्लेअर असेल तर प्रश्नच मिटला.

मंदार_नगरकर
धन्यवाद सगळ्यांना, वाचनखूण साठवली. प्लेअर बघितला, नशिबाने मल्टिरीजन निघाला. २०२०चाच सांगतोय ताईला. सुलभाताई, उरलेल्यासाठी तुमचा डबा उधार मागायला येईन दादरला, चार टक्के फास्ट चालेल :)
आणखी एक, बाबा विचारतायत की ते दोघं स्कॉटिश पलटणीतून हिंदुस्थानात येतात तो कशात आहे?

सुलभा_दादर
या की. पण तो 'बॉनी स्कॉटलंड', १९३५चा, माझ्या डब्यातही नाही आणि रीळवाल्यांच्या सेटमध्येही. त्याचे हक्क वेगळ्यांकडे. अमेरिकेत 'द डेव्हिल्स ब्रदर' बरोबर त्याची डीव्हीडी निघालेली, जुनी मिळतीये का ते ताईला बघायला सांगा.