वॉकिंग आयरिस (कुंडीतलं फुलझाड): पानं जोमात, फुलं मोजकीच. मदत हवी आहे

ठिकाण फोंडा, घराची उत्तरेकडची बाजू, वर माडांची सावली. ऊन सकाळी तासभर, तेही गाळीव. 10 इंची कुंडीत लाल माती 2 भाग, कोकोपीट 1, शेणखत 1. पानं दोन फूट लांब, गर्द हिरवी, पण फुलाचे दांडे अख्ख्या कुंडीत दोन-तीनच. फूल एका दिवसाचंच असतं हे माहीत आहे. तक्रार दांड्यांची आहे. सावली जास्त होतेय की शेणखतातला नत्र? माझा संशय दोन्हींवर, पण आधी काय बदलू?

दुसरं, पावसाळ्यात बुंध्याशी पानं पिवळी पडून मऊ होतात, ओढली की हातात येतात. कोकोपीट काढून जांभ्याची खडी आणि जाड रेती घातली तर निचरा पुरेल, की कुंड्या पागोळ्यांखालून हलवायलाच हव्यात?

तिसरं, दांड्याच्या टोकाला आलेलं पिल्लू, म्हणजे छोटं रोप. वाकून टेकलेल्या जागी शेजारची कुंडी ठेवून तारेच्या आकड्याने दाबायचं, हे ठीक. पण मुळं किती लांब झाल्यावर दांडा कापावा? आणि जुलैच्या धारेत कापलं तर कुजतं का, की गणपतीनंतर पाऊस ओसरेपर्यंत थांबावं?

गोव्या-कोकणातला अनुभव असेल तर उत्तम; पुण्याची कोरडी हवा इथे लागू पडत नाही.