सर्फबोर्डची फिन हलतेय, मदत हवी आहे

मंडळी, मोरजीला एका परतीला निघालेल्या पाहुण्याकडून जुना सर्फबोर्ड घेतला. तीन फिनचा (फिन म्हणजे तळाला असणारे, दिशा सांभाळणारे पर), आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम. फिन स्क्रूवाल्या नाहीत, थेट फायबरने जोडलेल्या. डावी फिन हाताने ढकलली की बुडाशी केसाएवढी चीर उघडते आणि दाबल्यावर पाणी झिरपतं. मधल्या फिनचं टोक उडालंय, पण ते घासून भागेल.

बोर्ड सध्या सावलीत वाळतोय. ओल आत राहिली तर वर कितीही रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) ओता, सुटणारच.

आता चिरेभोवती घासून फायबर कापडाचे दोन थर द्यावेत, की फिन कापून फ्यूचर्स किंवा एफसीएस कंपनीचा बॉक्स (काढता-घालता येणारी फिन बसते ती खोबण) बसवावा? बॉक्ससाठी राउटर (खाच कोरायचं यंत्र) लागतो, शिवाय बाजूच्या फिनचा आतला कल चुकला तर बोर्ड एकीकडे ओढत राहतो. म्हणून हात धजावत नाही.

होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन पीयूला चालतं (ईपीएस, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा फोम असता तर फोमच विरघळला असता). पण फिनच्या बुडाला ताण जास्त, तिथे इपॉक्सी रेझिन बरं का? आणि पेडणे-सावंतवाडीकडे होड्यांचं फायबरकाम करणारा कुणी असलं नाजूक काम घेतो का?